दुपारची गोळी

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या माणसाला कारखान्यात सगळे ‘काचवाले’ म्हणत. हात असा स्थिर, की शेजारी भांडी कोसळली तरी यंत्रावरची काच हलायची नाही. घरून फोन आला की मात्र त्याच हातून काच निसटायची. घरी त्याचे विसरभोळे झालेले वडील, आबा, आणि दहा वर्षांची लेक ठमी. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. ठमीची शाळा सकाळची. दुपारी दीडला आबांना मधुमेहाची गोळी द्यायची आणि लगेच जेवायला वाढायचं, हे काम तिचं.

सुरुवातीला त्याने आमिष दाखवलं होतं. गोळी दिली की भिंतीवरच्या तक्त्यावर एक चांदणी, दहा चांदण्यांना एक खेळणं. तक्ता भराभर भरला. आबांची साखर मात्र चढतच गेली आणि एक दिवस ते चक्कर येऊन पडले. खोली झाडताना कपाट सरकवलं, तर मागे गोळ्यांचा सडा! आबा गोळी थुंकायचे, पोरगी ती पायाने कपाटामागे सारायची आणि चांदणी चिकटवून मोकळी व्हायची.

“गोळी पोटात गेलीच नाही, मग चांदणी कशाची गं?”

“दिली की चांदणी, असंच म्हणाला होतास ना!”

काचवाल्याने तक्ता काढून टाकला आणि पोरीला दवाखान्यात नेलं. गोळी चुकली तर काय होतं आणि जास्त झाली तर काय होतं, ते डॉक्टरबाईंनी तिला काही न लपवता सांगितलं.

“जास्त झाली तर आबा मरतील?”

“मरूही शकतात.”

बापाच्या मनात आलं, एवढ्याशा जिवावर केवढं ओझं टाकतोय आपण! पण त्या दिवसापासून गोळी आबांच्या पोटात जाऊ लागली. तोंड उघडायला लावून ठमी जिभेखालीसुद्धा बघायची.

आणि मग तो मंगळवार उजाडला. दोन वाजता फोन वाजला.

“बाबा,” ठमीचा आवाज फुटत होता, “मी आबांना गोळी दोनदा दिली. मी गणितं करत होते, पहिली दिलेली विसरलेच. आजच उघडलेल्या पाकिटात दोन घरं रिकामी आहेत. आणि ते जेवत नाहीयेत, त्यांना घाम आलाय.”

हातातली काच खाली पडून फुटली. “डॉक्टरबाईंना...”

“केला फोन. साखरेचं पाणी पाजायला सांगितलंय. त्या निघाल्यात. तू ये ना!”

तो अंगातल्या एप्रनसकट धावत सुटला. फोन कानाला तसाच. पलीकडून चमच्याचा आवाज येत होता. “आबा, गिळा. आबा, माझ्याकडे बघा!” मधेच सगळं शांत झालं. चार रस्ते, एक पूल, आणि फोनमध्ये काही म्हणता काही नाही. एक बाप घालवला आपण, आणि एका लेकरालाही जन्माचं घालवलं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

दार सताड उघडं होतं, घरचा फोन जमिनीवर बंद पडलेला. डॉक्टरबाई आबांच्या बोटाला सुई टोचत होत्या आणि आबा करवादत होते, “या कार्टीने माझ्या दाढीचा पार पाक केला!” दाढीवरून खरोखरच साखर ओघळत होती. काचवाल्याने एप्रनच्या टोकाने ती पुसली.

“साखर बरीच खाली गेली होती,” बाई म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवू. आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं. पोरीने लपवलं नाही म्हणून वाचले.”

दवाखान्याच्या बाकावर ठमी त्याला चिकटून बसली. ‘तुला सायकल घेऊ’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याने ते गिळले.

“खूप घाबरली होतीस?”

“हो. आधी वाटलं, ते पाकीट फेकून द्यावं.”

“मग?”

“मग आबांना काय झालंय ते तुला नि डॉक्टरबाईंना कळलंच नसतं.”

तिच्या केसांवरून हात फिरवत तो म्हणाला, “उद्यापासून गोळीचं शेजारच्या काकूंना सांगू.”

“नको. मीच देईन. पण देताना तुला फोन लावीन. तू ऐकत राहायचं.”

नाही म्हणावं असं त्याला फार वाटलं. तरी तो “बरं” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजल्यापासून त्याने एकही काच हातात घेतली नाही. यंत्र बंद करून, फोन मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला.