मी ट्रॅक्टर चालवला न्हाई

"मंद हाय, पण सांगंल ते करतोय," ठाण्यात मालक माझ्याकडं बघून फौजदाराला म्हणाले.

हवालदार म्हणाला, "दहापतोर मोज बघू." मी मोजलं. सातानंतर नऊ आलं. सगळे हसले. मालकबी हसले.

मला तेव्हा वाईट वाटलं न्हाई. मालक हसले म्हंजे सगळं बरं हाय, असंच मी धरून चालायचो. शिरोळला त्यांच्याकडं मी बारा वर्सं हुतो. गोठा झाडायचा, शेण काढायचं, म्हशी धुवायच्या. ताप आला तर मालक स्वतः दवाखान्यात न्यायचे. बापाच्या जागी मानायचो त्यांना.

आदल्या सांजंला त्यांच्या लेकानं एका बाईच्या अंगावर ट्रॅक्टर घातला. ऊसतोडीची बाई. जागेवर गेली. मी मागं ट्रॉलीत, वैरणीवर बसलो हुतो. सगळं बघितलं.

ठाण्याच्या दारातच मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला हुता. "मी चालवत हुतो म्हण. सांच्यापतोर घरी येशील."

मी म्हटलं. फौजदारानं काय लिहिलं, मला वाचता येत न्हाई. अंगठा दिला.

सांजंला कोण आलं न्हाई. जामीन राहायलाबी कोण उभं राहिलं न्हाई. चार महिने तुरुंगात. भेटीच्या दिवशी दाराकडं तोंड करून बसायचो. आई यायची. मालक एकदाबी न्हाई.

मग कोर्टानं दिलेल्या एक वकीलबाई आल्या. हळू बोलायच्या. म्हणाल्या, "ट्रॅक्टर चालू कसा करतात, सांग." मला येईना. "मग असं म्हणायला तुला कुणी सांगितलं?"

तोवर हे मला कुणीच इचारलं नव्हतं. मी लई रडलो.

कोर्टात जजसाहेबांनी इचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मालक मागं बाकावर. मी वळून बघितलं. त्यांनी मान हलवली, व्हय म्हण म्हणून. मी तोंड फिरवलं.

"मी चालवला न्हाई. मला चालवायला येत न्हाई. मालकांनी सांगितलं म्हणून म्हटलं."

पुढं सुटलो. गाव म्हणतंय, खाल्ल्या घरचे वासे मोजले. आई म्हणते, मालकांच्या पाया पड. पडलो न्हाई.

आता लेकावर केस हाय. मालकांनी निरोप धाडला, झालं गेलं विसर, गोठ्यावर ये. गेलो न्हाई. साक्षीला मात्र जाणार. त्यांचा वकील मला मंद म्हणंल, काय काय मोजायला लावंल, लोक हसतील. हसू देत. स्टेअरिंगवर कोण हुतं, ते मला पक्कं ठाऊक हाय. तेवढंच सांगणार. मालकांच्या तोंडाकडं बघून सांगणार.