ड्रॅगन का रडतो?

रविवारी दुपारी मी फोनवर आमच्या वाचकांच्या ग्रुपमध्ये वाद घालत होते. आवडत्या कादंबरी-मालिकेतल्या राणीने मुलाला कैद का केलं, हे अनोळखी माणसांना सविस्तर समजावत होते. तेवढ्यात आई पहिला भाग घेऊन आली. माझ्याशी बोलायला विषय हवा, म्हणूनच ती तो वाचत होती.

"अगं, हा ड्रॅगन रडतो कशाला?"

"पुढे कळेल," मी मान वर न करता म्हटलं.

पानाचा कोपरा दुमडून ती गेली आणि मला कसंसंच झालं. परक्यांसाठी केवढा धीर असतो आपल्याकडे! मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"आई, काय विचारत होतीस?"

"काही नाही गं," ती कणीक मळत म्हणाली. "तू तुझं काम कर."

मला काम कसलंच नव्हतं.