वातीआधीचा दिरहम

इथे आखातात, करामा भागातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात आज, शुक्रवारी, सूर्य कलताना खोबरेल तेलाचा वास आला. कुणीतरी केसांना चोपडलं असेल, दुसरं काय. पण माझी पावलं शेजारच्या दाराशी अडली. आता तिथं दुसरं कुटुंब राहतं. तरी दर शुक्रवारी मी त्या दाराकडे बघतेच, खोडच लागलीय.

तिथं मावशी राहायच्या. नात्यातल्या नव्हेत, आमच्या रायगडाकडच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. त्यांचे पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावाकडे त्यांना शनवार तेली म्हणत. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी मावशी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर खोबरेल ओतायच्या आणि त्यात वात सोडायच्या. पण ती पेटवण्याआधी दूध पावडरीच्या रिकाम्या डब्यात एक दिरहम टाकायच्या, गरिबांसाठी. शब्बाथ, म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस, लागला की पैशाला शिवायचं नाही, म्हणून आधी. नाणं पडल्याचा आवाज भिंतीपलीकडे माझ्या स्वयंपाकघरात यायचा, आणि माझा आठवडा तिथं संपायचा.

मग माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. मावशी रोज भात-आमटी घेऊन येऊ लागल्या. "जास्तच झालं गं, एकटीला संपत नाही," म्हणत माझ्याकडे न बघता मुलीच्या वेण्यांचं कौतुक करायच्या. घेणाऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही, हा त्यांच्या धर्माचा कायदाच, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा फक्त आमटीची चव कळत होती.

एका शुक्रवारी त्यांनी मला घरात बोलावून तो डबा माझ्यापुढे धरला.

"टाक काहीतरी."

"मावशी, आमच्याच घरात काही नाहीये."

"म्हणून तर. घेणाऱ्यानंही द्यायचं, असा आमचा कायदा आहे. पंचवीस फिल्स, पाव दिरहमही चालेल."

माझा तोल गेला. "घेताना काय वाटतं, ते तुम्हाला काय कळणार?"

त्या डबा तसाच धरून राहिल्या. मी रागारागानं नाणं टाकलं, आणि खरं सांगते, घरी परतताना कित्येक दिवसांनी माझी पाठ ताठ झाली होती. पुढे नवऱ्याला उम्म अल कुवैनच्या कारखान्यात काम लागलं. त्या आनंदात माझे शब्द मागे घ्यायचे राहून गेले.

गेल्या वर्षी मावशी डबा माझ्या हाती देऊन परदेशी मुलीकडे गेल्या. काही महिन्यांनी खालच्या दुकानातले श्रीवर्धनचे चाचा सहज म्हणाले, "भाभी, बाईंचं राशन तर अबुधाबीचे त्यांचेच लोक भरायचे. कितीतरी सालांपासून. मला ताकीद होती, बोलायचं नाही. आता त्या गेल्या, खलास."

मी पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. माझ्या ताटातला भात त्यांनाही कुणीतरी दिलेला होता, आणि दर शुक्रवारचा तो दिरहमही एका घेणाऱ्या बाईचा होता. त्याच संध्याकाळी फोन केला. मुलगी म्हणाली, आई आता कुणाला ओळखत नाही. तरी तिनं फोन त्यांच्या कानाशी धरला. मी त्या दिवशीच्या शब्दांची माफी मागितली. पलीकडे नुसता श्वास ऐकू आला.

आमच्या घरी शब्बाथ नाही. तरी आजही सूर्य मावळायच्या आत मी डबा खाली काढला. "मम्मा, व्हाय ओन्ली ऑन फ्रायडे?" मुलीनं विचारलं. मी तिच्या तळव्यावर एक दिरहम ठेवला. तिनं तो टाकला, आणि मी उगाचच भिंतीकडे बघत राहिले. पलीकडे ऐकायला मावशी नव्हत्या.