उजव्या फुफ्फुसावरचा डाग

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून बरीच वर्षं झाली होती. खोकला हटेना म्हणून छातीचा स्कॅन काढला, तर उजव्या फुफ्फुसावर डाग निघाला. डॉक्टर बाहेरगावी होते. सोमवारी या, असा निरोप मिळाला. मधल्या दिवसांत माझा कुणावरच भरवसा उरला नाही. हे फोन घेऊन गॅलरीत गेले की वाटे, यांना सगळं कळलंय. सून जरा गोड बोलली तरी मनात पाल चुकचुके. देवघरात बसले की दत्तमहाराजांकडेही मी संशयानेच बघे. इतकी वर्षं बरी आहे म्हणून हात जोडत आले, ते फुकटच का?

सोमवारी आम्ही पडेगावहून शहरात दवाखान्यात गेलो. मला दारात सोडून हे गाडी लावायला गेले. बाकावर शेजारी गंगापूरकडची एक बाई होती, जावेला केमोसाठी घेऊन आलेली. तिनं माझी विचारपूस केली आणि अंगाऱ्याची पुडी पुढं केली. कुण्या बाबाची माणसं दवाखान्यातही गिऱ्हाईक शोधतात, असं ऐकलं होतं. मी पर्स जवळ ओढली आणि नको म्हटलं. तिला राग आला नाही.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. यांचा पत्ता नव्हता आणि माझा पाय उचलेना. तिनं माझं कोपर धरलं. "चला ताई, मी येते संगं."

डॉक्टर बोलत होते, पण माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. तिनंच मधे विचारलं, "साहेब, दुखणं माघारी आलंय व्हय? तेवढं सांगा."

डॉक्टर थांबले. कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवून म्हणाले, "तसं वाटत नाही. तेव्हा छातीला किरण दिले होते, त्यांचा हा व्रण. कड बघा, सरळ आहे. किरण दिले तिथपर्यंतच. गाठ अशी रेघ मारून वाढत नाही. तरी काही महिन्यांनी पुन्हा बघू."

मी फाइल घेऊन बाहेर आले, तोवर ती पुढं होऊन जावेकडे निघून गेली होती. मी तिचं नावही विचारलं नव्हतं. हे धापा टाकत आले. सगळं ऐकून खाली बसले आणि हळूच म्हणाले, "मला वाटत होतं, तुलाच काहीतरी कळलंय आणि तू माझ्यापासून लपवतेस."

पुढच्या स्कॅनमध्ये व्रण होता तसाच होता. उद्याचं मला ठाऊक नाही, आणि देवाकडे त्याची खात्री मी आता मागत नाही. त्या दारातून त्यानं मला एकटीला आत जाऊ दिलं नाही, एवढं मला पुरतं.