सरहद्दीवरच्या धबधब्यात मांडलेलं पान

पितृपंधरवड्यात हौसेने प्रवासाला निघू नये हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी आमची मंडळी हटून बसली. "माझ्या माहेरचा धबधबा तुम्ही पाहायचाच, आणि तोही याच पंधरवड्यात," सगुणा म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही, त्यामुळे नाही म्हणायला तोंड उघडेना. सासरे गेल्या वर्षी श्रावणात वारले, सासूबाई एकट्या, हे कारण सांगून मी शनिवारवाड्यातल्या फडावरून रजा काढली. शेजारी बसणारे कारकून म्हणाले, "पितरांच्या दिवसांत धबधबा? का, तुमचे पितर तिथे डुंबायला येतात वाटतं?" तेव्हा मी हसलो होतो.

वाट सांगून ठेवतो, कारण पुण्यातलं माणूस तिकडे सहसा फिरकत नाही. कात्रजचा घाट, शिरवळला नीरा, मग सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, इथवर रस्ता वाहता आणि धर्मशाळा बऱ्या आहेत. बायकामाणसांना तट्टू करावं. भाद्रपदात नीरा भरून वाहते, तेव्हा नावाड्याशी भाडं काठावरच ठरवा. मध्यावर गेल्यावर तो ऐकत नाही. करवीरकरांचं राज्य वेगळं, त्यामुळे राहदारीचा परवाना पुन्हा दाखवायचा आणि जकातही पुन्हा द्यायची. दशम्या संपल्या की भाकरी, झुणका आणि ठेचा यांच्यावर भागवावं लागतं. घाटात जळवा फार. पायांना तंबाखूचं पाणी चोळा, वास सहन करा.

सगुणाचं माहेर फिरंग्यांच्या गोव्याच्या अगदी सीमेवर आहे. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहतो तर सासूबाईंनी भरड्याचे वडे, तांदळाची खीर आणि आमसुलाची चटणी केलेली.

"हा तर श्राद्धाचा स्वयंपाक!" मी म्हणालो.

"दादाची तिथी आहे. त्याचं पान धबधब्यापाशी मांडतात," सगुणा म्हणाली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आमच्या लग्नाआधीच तो पलीकडच्या मुलुखात तापाने गेला, असं मला सांगितलेलं होतं. तिकडे गेला म्हणून पान तिकडे, असं मी समजलो.

सासूबाईंना घेऊन आम्ही तिघं निघालो. सीमेवरच्या चौकीत शिपायाने आमच्या टोपलीवरचं फडकं उचललं आणि वडे पाहून लगेच टाकलं. "जेवान हाय नव्हं? मग जावा. पर दिस बुडायच्या आत परता." परवाना त्याने मागितलाच नाही. कोल्हापुरात त्याच परवान्यासाठी मला अर्धा दिवस ताटकळत ठेवलं होतं.

धबधबा सुंदर आहे, यात शंका नाही. कड्यावरून पाणी कोसळतं, खाली डोह होतो आणि डोहातून निघालेला ओढा हीच सरहद्द. ओढ्याच्या मधोमध एक सपाट खडक आहे. दोन्ही काठांवरून दगडांवर पाय देत तिथे जाता येतं. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. गावातली आणखी काही माणसं पानं घेऊन आली होती. एका म्हाताऱ्याने आपलं पान खडकावर मांडलं, नमस्कार केला आणि तो मागे आला. मी कावळा शोधत होतो. तेवढ्यात पलीकडच्या झाडीतून एक बाई उतरली, खडकावर बसली आणि पान जेवायला लागली!

"अगं, कोण ही? पितरांचं पान खातेय!" मी सगुणाच्या कानात ओरडलो.

"त्या म्हाताऱ्यांचीच मुलगी आहे," ती म्हणाली. "अहो, दादाही जिवंत आहे."

मग तिने सगळं सांगितलं. दादा पलीकडच्या बागायतीत राहायला गेला आणि तिथे बाटला. घरच्यांनी त्याच्या नावाने घट फोडला, अंघोळी केल्या आणि तो मेला असं ठरवलं. घट फोडलेल्या माणसाशी बोलायचं नाही, त्याला शिवायचं नाही. पण मेलेल्याला पान मांडायला कोणाची ना नसते. म्हणून हे गाव दरवर्षी आपल्या माणसांना असं जेवायला घालतं.

"पान पुरुषानेच मांडायचं. बाबा मांडायचे. भाऊबंदांपैकी कोणी तयार नाही. गेल्या वर्षी बाबा नुकतेच गेलेले, पान मांडलंच नाही. दादा पलीकडे संध्याकाळपर्यंत उभा राहिला, आईने पाहिलं."

"मला फसवून आणलंस तू!"

"हो. पुण्यात सांगितलं असतं तर आला असतात?"

नसतो आलो. ही गोष्ट पुण्यात कळली तर आम्ही वाळीत पडू आणि माझी फडावरची जागाही जाईल. मी संतापलो होतो, आणि घाबरलोही होतो. एवढ्यात पलीकडे एक माणूस आला. केस पिकलेले, गळ्यात क्रूस, आणि कपाळ थेट सगुणाचं. त्याने रिकाम्या खडकाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग माझ्याकडे. मी त्याला अनोळखी. थोडा वेळ थांबून तो परत फिरला.

सगुणाने तोंडावर पदर दाबला. तिला हाकही मारता येत नव्हती.

मी पान उचललं. खडकावर पोहोचल्यावर सुचेना, की पितरांसाठी घेतात तसं जानवं उजव्या खांद्यावर घ्यायचं का? तो पुन्हा वळून माझ्याकडेच पाहत होता. मी जानवं होतं तसंच ठेवलं, पान मांडलं आणि मागे आलो.

तो सावकाश जेवला. शेवटचा वडा मात्र त्याने आमच्या बाजूला सरकवून ठेवला आणि तो झाडीत गेला.

"लहानपणी शेवटचा वडा तो मलाच ठेवायचा," म्हणत सगुणा खडकावर गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने तो उष्टा वडा खाल्ला. मी हादरलो. आजूबाजूची माणसं धबधबा पाहत राहिली.

पुण्यात परतल्यावर कारकुनांनी विचारलं, "कसा होता धबधबा?" मी म्हटलं, "पाणी बरं आहे." प्रायश्चित्त घेतलं नाही. सगुणाच्या हातचं रोज जेवतो. गावाचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांच्या घरी कोणाच्या नावाने घट फुटला असेल त्यांनी समक्ष विचारावं, वाट सांगेन.

मार्गशीर्षात माझ्या वडिलांचं श्राद्ध झालं. पान परसात ठेवलं. कावळ्याने लगेच चोच लावली तसे भटजी खूश झाले. मी दिंडी दरवाजाकडे पाहत होतो. कोणीच आलं नाही. वडील गेले त्या दिवशी मी रडलो नव्हतो, तो त्या दुपारी रडलो.