बाबांच्या खोलीतला बॉक्स

केबलभाऊ म्हणजे टीव्हीच्या जोडणीतला बाप माणूस! सासूला मालिका, सुनेला सिनेमा, पोरांना क्रिकेट, आणि यातलं एक बघता बघता दुसरं गुपचूप रेकॉर्डही व्हायला हवं. हे सगळं भांडण न होता एका घरात बसवावं ते भाऊनेच. लोक म्हणायचे, "भाऊ, किती संसार वाचवलेत हो तुम्ही!" भाऊ पक्कड खिशात टाकत म्हणायचा, "माझा वाचला म्हणजे मिळवली."

त्याचे वडील जन्मभर कारखान्याच्या गेटवर पहारेकरी. साहेब म्हणेल तेव्हा उठायचं, साहेब म्हणेल तेव्हा बसायचं. म्हातारपणी अर्धं अंग लुळं पडलं, उजवा हात तेवढा शाबूत राहिला. भाऊला ते बघवेना. त्याने बाबांच्या खोलीत वेगळा टीव्ही लावला, रेकॉर्डिंगवाला वेगळा बॉक्स आणला. दुपारी जुनी गाणी आणि कुस्त्या एकाच वेळी लागायच्या. एक बघायचं, दुसरं रेकॉर्ड करायचं. रिमोट हातात देत तो म्हणाला, "बाबा, आता इथले साहेब तुम्ही!"

रोज संध्याकाळी घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय बघितलंत?" बाबा म्हणायचे, "गाणी. झकास होती." भाऊचा दिवसभराचा शीण तिथेच उतरायचा.

एका दुपारी गिऱ्हाइकाच्या दाराला कुलूप दिसलं, म्हणून भाऊ आल्या पावली परतला. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये लेक कार्टून बघत बसली होती. त्याला बघताच ती ताडकन उठून ओरडली, "आई, पप्पा आले! बॉक्स!"

भाऊला आधी काही कळेना. बाबांच्या खोलीत डोकावला, तर तिथल्या टीव्हीवरही तेच कार्टून. हॉलमधल्या बॉक्सचीच एक वायर तिकडे ओढलेली. बाबांनी रिमोटची सगळी बटणं दाबली असती तरी काही हललं नसतं. मग तो झोपायच्या खोलीत गेला. तिथे बायको बाबांचा बॉक्स हातात घेऊन उभी, वायर अर्धी उपसलेली. तिथल्या टीव्हीवर इतका वेळ एक मालिका बघत होती, दुसरी रेकॉर्ड होत होती. भाऊनेच शिकवलं होतं की!

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रोज? रोज हेच चालतं? मी यायच्या आत बॉक्स जागेवर?"

"अहो, दिवसभर त्यांचं सगळं मीच करते ना? दुपारचे दोन तास मी बघितलं तर कुठे आभाळ कोसळलं? ते झोपलेलेच असतात."

"झोपलेले? आणि पोरीला पहाऱ्याला बसवलंस? घरातल्या घरात केसाने गळा कापलात माझा!"

भाऊ पाय आपटत बाबांकडे गेला. बायकोचं एक वेळ समजलं असतं, लेक तर लहानच. पण बाबा? ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते रोज त्याच्या तोंडावर "गाणी झकास होती" म्हणत होते!

"एका शब्दाने सांगायचंत की, बाबा! मी काय परका होतो?"

बाबांनी आधी दाराकडे बघितलं, बाहेर कुणी उभं नाही ना याची खात्री केली. मग भाऊचं मनगट घट्ट धरून हळूच म्हणाले, "तिला ओरडू नकोस रे, पाया पडतो तुझ्या. तू उद्या सकाळी कामावर जाशील. मी इथंच असणार आहे."