हाताला कोमट

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांब टेबल, त्यावर चार पदरी दुमडलेली चादर, मागे गाठोड्यांची फळी आणि दारात एक बाक. त्या बाकावर गेली बावीस वर्षं माझी बैठक आहे. मालकाला सगळे 'कडक' म्हणतात, कारण घडी घालून झाली की तो शर्टावर थाप मारून म्हणतो, "कडक!" मुलगी झाली तेव्हा दाईनं ती गुंडाळून त्याच्या हातात दिली, तर या पठ्ठ्यानं तिच्यावरही हलकी थाप मारली आणि म्हणाला, "कडक!" वहिनी, म्हणजे त्याची बायको, ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगण्याआधी कपाळाला हात लावतात.

मला सांगायचं आहे ते कडकच्या हातांबद्दल.

त्यानं चाळीस वर्षं इस्त्री धरली. आधी कोळशाची, मग विजेची. विजेच्या इस्त्रीला उष्णता कमी-जास्त करायचं गोल बटण असतं, ते त्यानं जन्मात फिरवलं नाही. तळवा इस्त्रीपासून वीतभर लांब धरायचा, डोळे किलकिले करायचे आणि सांगायचं, "आता सुती चालेल. रेशमी आणू नका अजून." एवढ्या वर्षांत एक कपडा जळला नाही. एकदा माझ्या घरी चहाचं आधण उतू जायला लागलं आणि फडकं सापडेना. कडकनं नुसत्या हातांनी पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं. आम्ही चौघा म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला पुढे फार टोचल्या.

आता मुलीचं सांगतो. ती शिकत होती तेव्हा तिनं एक साप पाळला. बिनविषारी, परदेशी जातीची मादी, भाजलेल्या विटेच्या रंगाची, मनगटाएवढी जाड. नाव ठेवलं 'दोरी'. मी म्हटलं, "अगं, लोक दोरीला साप समजून घाबरतात, तू सापालाच दोरी करून ठेवलंस!" ती म्हणाली, "म्हणजे कुणी घाबरायला नको, काका." घाबरणारं माणूस घरातच होतं. वहिनींनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की दोरीच्या खोलीत त्या पाऊल ठेवणार नाहीत, आणि सात वर्षं तो शब्द पाळला. केर काढतानासुद्धा उंबऱ्यापाशी झाडू थांबायचा.

मग मुलीला समुद्रापलीकडे दोन वर्षांची नोकरी लागली. दोरीला नेता येईना. दुसरीकडे द्यावी तर पोरीच्या डोळ्यांत पाणी. कडकनं इस्त्री उभी केली आणि म्हणाला, "मी सांभाळतो. तू परत येशील तेव्हा अशीच्या अशी हातात देईन." मी बाकावर होतो, मी ऐकलं. कडक माणसाला उगीच शब्द देत नाही. उद्या संध्याकाळी कपडे देतो म्हणाला तर संध्याकाळीच देतो.

जाताना मुलीनं भिंतीवर कागद चिकटवला. दोरीला बरं नसेल तर कसं ओळखायचं ते त्यावर लिहिलं होतं. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, नाकाशी बुडबुडे असतील, लागोपाठ दोनदा खाणं नाकारलं, सारखी पाण्याच्या भांड्यात बसली, कात तुकड्यांनी निघाली, पोटाचे खवले लाल दिसले, तर थांबायचं नाही. खाली डॉक्टरबाईंचा नंबर. घरचं औषध अजिबात लावायचं नाही, याच्याखाली दोन रेघा.

दोरी राहायची त्या पेटीच्या अर्ध्या भागाखाली विजेवर तापणारी पट्टी होती, कारण सापाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. पट्टीला उष्णता आवरणारं एक छोटं यंत्र जोडलेलं होतं. पहिल्या थंडीत ते यंत्र बंद पडलं. मी म्हटलं, "नवीन आणू या."

"मला?" कडक हसला. "मला यंत्र सांगणार, किती गरम आहे ते?"

मीही हसलो. पट्टी थेट विजेला जोडली गेली. सकाळ-संध्याकाळ कडक पेटीच्या तळाला तळवा लावायचा आणि म्हणायचा, "कोमट आहे. झकास."

आठवड्याभरानं दोरी पाण्यात बसायला लागली. तासन् तास. कडक म्हणाला, "राणीसाहेब अंघोळ करतायत." पण कागदावरचं वाचून त्यानं पुन्हा तळाला हात लावला. कोमट. अंगावर बारीक किडे झाले तरी साप पाण्यात बसतो, असं मुलीनं सांगितलेलं, म्हणून त्यानं पांढराशुभ्र रुमाल घेऊन दोरीला अलगद पुसलं आणि उजेडात धरून पाहिलं. रुमालावर एकही काळा ठिपका नव्हता. त्याचं समाधान झालं. मग दोरीनं उंदीर नाकारला. कात टाकायची असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. पुढच्या खेपेला पुन्हा नाकारला. त्या दिवशी दुकानात त्यानं कॉलर उलटी इस्त्री केली, तेव्हा मी ओळखलं.

"चल," मी म्हटलं, "आधी तिला नीट बघू."

त्यानं दोरीला दोन्ही हातांवर उचललं. मी खाली वाकून पाहिलं. पोटाचे खवले मधोमध वीतभर लांब तपकिरी-लाल झाले होते. दोन ठिकाणी फोड, एक फुटलेला. पेटीतल्या कागदावर ओला पिवळट डाग. कडकनं आयुष्यभर डाग पाहिलेत. कसला डाग आहे हे तो वासावरून सांगतो. तो त्या कागदाकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "हा जळल्याचा आहे."

डॉक्टरबाईंचा दवाखाना चालत वीस मिनिटांवर. दोरीला उशीच्या अभ्र्यात ठेवून, अभ्रा पिशवीत घालून आम्ही गेलो. कडकनं वाटभर पिशवी छातीशी धरली होती. बाई तरुण, चष्मेवाल्या, बोलणं रोखठोक. त्यांनी जखम पाहिली, धुतली, इंजेक्शन दिलं.

"पेटीची उष्णता किती होती?"

"कोमट."

"कोमट म्हणजे किती?"

"म्हणजे... हाताला कोमट."

"काका, सापाला पोटाखालून हळूहळू वाढणारी आच वेळेत कळत नाही. भाजत असलं तरी तो तिथेच बसून राहतो. म्हणून आपल्याला कळायला हवं." मग त्यांनी किटलीतून आम्हा दोघांना काचेच्या पेल्यात चहा ओतला, कारण आमचे चेहरे तसे झाले होते.

मी पेल्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. कडकनं त्याचा पेला मुठीत पूर्ण धरला होता. चहातून वाफा निघत होत्या. तो दोरीकडे बघत होता.

बाईंनी लिहिणं थांबवलं. "काका, पेला खाली ठेवा."

"का?"

"गरम लागत नाही?"

"नाही. को..." तो बोलता बोलता थांबला. शब्द पुरा केलाच नाही. पेला टेबलावर ठेवला, दोन्ही तळवे उलटे करून पाहिले, जसे काही ते गिऱ्हाइकाचे आहेत आणि घरून येतानाच डाग घेऊन आलेत.

मला ते पातेलं आठवलं. आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा या माणसाचे हात मेलेले होते, आणि आम्हाला वाटलं, काय मर्द गडी आहे!

बाई म्हणाल्या, "तुमच्या हातांना दुसऱ्या डॉक्टरांकडे दाखवा. आता हिचं ऐका. जखमेचं विष रक्तात भिनलं तर वाचणार नाही. तीन आठवडे धोका. पेटीत फक्त स्वच्छ कोरा कागद, रोज दोनदा बदलायचा. मलम अगदी हलक्या बोटानं, फोडाला जोर न देता." आणि त्यांनी कडकच्या बोटांकडे पाहिलं. "घरात दुसरं कुणी आहे?"

घरी आलो. कडकनं वहिनींना सगळं सांगितलं, चपला न काढता, दारात उभ्यानं. शेवटी म्हणाला, "माझ्या बोटांना जोर कळायचा नाही. मी फोड फोडून टाकीन."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजींना सांगा."

मी हात पुढे केले. ते किती थरथरतात हे त्यांना माहीत होतंच. चहा नेहमी बशीत सांडतो माझा.

वहिनी बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिचं तोंड माझ्याकडे करायचं नाही. समजलं?" आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो उंबरा ओलांडला. कडकनं दोरीला उताणं धरलं, डोकं स्वतःच्या दंडाआड लपवलं. वहिनींनी डोळे अर्धे मिटून बोट टेकवलं आणि एकदम उघडले.

"अहो, ही किती मऊ आहे!"

"असेल," कडक म्हणाला. "मला नाही कळत ते."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

नवीन यंत्र आलं, काट्याचं तापमापक आलं. पण रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा कडक म्हणाला, "मजेत आहे दोरी." फोन ठेवल्यावर वहिनी नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. त्या बघण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. आमच्या शाळेतले मास्तर सांगायचे, पाटीवर चुकलेलं थुंकीनं पुसलं तरी पाटी ओली दिसतेच. दुसऱ्या रविवारी फोन वाजला, कडकनं फोनचा आवाज मोठा केला आणि नमस्कार-चमत्कार न करता सांगितलं, "बाळ, दोरीला मी भाजलं."

पलीकडून तिनं विचारलं, "यंत्र बिघडलं तेव्हा सांगितलं का नाहीस, बाबा?"

"मला वाटलं, माझा हात आहे."

तिनं मलमाचं, कागदाचं सगळं विचारून घेतलं. मग ती म्हणाली, "वाचेल ना?"

"माहीत नाही."

तो तिला खोटा धीर देऊ शकला असता. दिला नाही. फोन ठेवून तो माझ्याबरोबर दुकानात आला आणि इस्त्री न लावता टेबलाशी उभा राहिला. मी बाकावरून म्हटलं, "बस जरा." तो म्हणाला, "उभ्यानं बरं वाटतं."

तिसऱ्या आठवड्यात दोरीचे डोळे दुधाळ झाले आणि चार दिवसांनी कात निघाली, पण सलग नाही, चिंध्या चिंध्या. जखमेपाशी चिकटून राहिली. कडकचा हात ओढायला गेलाच, लोंबती गोष्ट त्याला बघवत नाही. वहिनींनी त्याच्या मनगटावर चापट मारली. "ओढू नका म्हणाल्यात ना डॉक्टरबाई! तुमचा शर्ट आहे का हा?" आपोआप सुटायला आणखी एक कात जावी लागली. त्या दुसऱ्या कातीनंतर, सकाळी साडेदहाला, गिऱ्हाइकं उभी असताना वहिनी धावत दुकानात आल्या, हातात चिमटा तसाच.

"खाल्लं! अहो, खाल्लं तिनं! उंदीर असा धरला की माझा चिमटाच ओढला!"

कडकनं समोरच्या शर्टावर थाप मारायला हात उचलला, पण तो हवेतच राहिला. शर्टावर दोन थेंब पडले. म्हणाला, "पाणी मारावंच लागतं," आणि त्यावरून इस्त्री फिरवली. तोंड भिंतीकडे केलं होतं तरी आम्हाला काय दिसायचं ते दिसलं.

हातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली जाणीव फारशी परत यायची नाही. आता तो इस्त्रीचं गोल बटण फिरवतो. पहिल्या दिवशी त्याला त्याच्यावरचे आकडे वाचता येईनात, एवढी धूळ बसलेली. कधी शंका आली तर घडी माझ्या गालाशी धरून विचारतो, "फार गरम नाही ना?" चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला नव्हता.

मुलगी दोन वर्षांनी परत आली. दोरीला उलटं करून पोटावरून बोट फिरवलं. तिथले खवले वेडेवाकडे आलेत, सुरकुतलेल्या कापडासारखे, आणि ती सुरकुती कुठल्याही इस्त्रीनं जायची नाही. कडक म्हणाला, "अशीच्या अशी देईन म्हटलं होतं. तशी नाही देता आली." मुलीनं बापाचा हात धरून तळवा उघडला, तोही तसाच पाहिला, आणि धरूनच ठेवला.

ती दोरीला आपल्या नव्या घरी नेणार होती. पेटी तिथे नेऊन मांडली, पट्टी लावली, यंत्र जोडलं, काटा बरोबर जागी आला. मुलगी दोरीला आत सोडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "थांब गं."

बांगड्या वर सारून त्यांनी मनगटाची आतली बाजू पेटीच्या तळाला लावली. आम्ही सगळे उभे होतो. कडक त्यांच्या तोंडाकडे बघत होता, निकाल ऐकायला उभ्या असलेल्या माणसासारखा.

"हं," त्या म्हणाल्या. "सोड आता."